सासऱ्यांचा ट्रॅक्टर सुरू करण्याबाबत

वाहतूक कार्यालयाचं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा शुद्ध होतं, एवढं जावईबापूंना मान्य करावंच लागलं. पहिल्या पत्रातल्या अकरा चुका त्यांनी लाल शाईनं दाखवल्या होत्या आणि ते पत्र कार्यालयाला परत पाठवलं होतं. उत्तरादाखल आभाराचे दोन शब्द येतील अशी त्यांची समजूत होती. आलं ते हे. यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती आणि दयामायाही नव्हती. सदर जुना ट्रॅक्टर येत्या शनिवारी दुपारी बारा वाजेपर्यंत ‘स्वतःच्या शक्तीने’ तपासणी मैदानावर हजर करावा, न केल्यास नोंदणी कायमची रद्द होऊन वाहन भंगारात काढण्यात येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

जावईबापू छापखान्यात मुद्रितशोधक होते. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्यामुळे त्यांचा चेहरा कायम कुठेतरी काहीतरी खटकल्यासारखा दिसे. राहायचे सासऱ्यांच्या घरात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना जावईबापूच म्हणे. पोस्टमनही म्हणे. आपल्याला दुसरं एक नाव आहे हे त्यांना पगाराच्या दिवशी तेवढं आठवत असे.

ट्रॅक्टर सासऱ्यांचा होता. शेत विकून सासरे गावात आले तेव्हा बरोबर दोनच वस्तू आणल्या, एक ट्रॅक्टर आणि दुसरी त्यांची थोरली मुलगी, म्हणजे जावईबापूंची बायको. ट्रॅक्टर अंगणात ताडपत्रीखाली उभा होता आणि म्हातारा रोज संध्याकाळी त्याच्या चाकाला टेकून उभा राहायचा. मागच्या रविवारी सगळे जेवायला बसले असताना पत्राचा विषय निघाला. जावईबापूंचे साडू त्या दिवशी आले होते. साडू इंजिनिअर, शीतगृहांची यंत्रं बसवायचे. ते म्हणाले, ‘‘गॅस कटरनं तुकडे करून टाका. दोन तासांचं काम. मी माणूस पाठवतो.’’

सासऱ्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला.

‘‘मी सुरू करतो की,’’ जावईबापू म्हणाले.

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. बायकोनं त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की, घरातला बल्ब बदलायलाही जो माणूस खुर्ची, स्टूल आणि शेजारी मागवतो तो आता ट्रॅक्टर सुरू करणार, हे सगळं त्या एका नजरेत आलं. साडू हसले नाहीत. ‘‘वा,’’ एवढंच म्हणाले. हसले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी रजा टाकून जावईबापूंनी ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सेहेचाळीस चुका निघाल्या. ‘थंडीत घ्यावयाची काळजी’ या प्रकरणात ‘इंजिनास पुरेशी उब द्यावी’ असं छापलं होतं. त्यांनी पेन्सिलीनं ‘ऊब’ केलं, आणि तयारी पूर्ण झाल्याच्या समाधानात झोपी गेले.

शनिवारी सकाळी सहा वाजता अंगणातल्या बादलीत बर्फ होता. ताडपत्री ओढली तर ती ट्रॅक्टरच्याच आकारात ताठ उभी राहिली. जावईबापूंनी अंगावर दोन स्वेटर, त्यावर बायकोचा एक, कानाला मफलर आणि हातात ती दुरुस्त केलेली पुस्तिका अशी तयारी केली आणि सीटवर चढले. सीट लोखंडी होती. थंडी म्हणजे नेमकं काय, हे त्यांना त्या क्षणी पुस्तिकेपेक्षा पुष्कळ स्पष्टपणे समजलं.

समोर एक चावी, एक घड्याळासारखी गोल तबकडी आणि एक काळा नॉब होता. नॉब अर्धवट बाहेर आलेला. त्यावर इंग्रजीत टी, ओ, पी अशी झिजलेली अक्षरं होती. टॉप. म्हणजे वर. म्हणजे कमाल. थंडीत कमाल ताकद लागणार हे उघड होतं. जावईबापूंनी नॉब पूर्ण बाहेर ओढला आणि चावी फिरवली.

इंजिन ‘ढुग्ग, ढुग्ग, ढुग्ग’ असं तीनदा बोललं आणि थांबलं. परत फिरवली. परत तीनदा.

तेवढ्यात शेजारचे दंतवैद्य खिडकीतून डोकावले. ते आपल्या घरातच दवाखाना चालवायचे आणि कुठलाही बिघाड शेवटी मुळाशी असतो यावर त्यांची श्रद्धा होती. हातात तोंड तपासायचा छोटा आरसा घेऊन ते कुंपणावरून आले, बॉनेट उघडायला लावलं आणि आरसा आत घालून बराच वेळ पाहत राहिले.

‘‘काय दिसतंय?’’

‘‘काळं आहे,’’ दंतवैद्य गंभीरपणे म्हणाले. ‘‘फार वर्षं दुर्लक्ष झालंय. बॅटरी बदला.’’

बॅटरी त्यांनी स्वतःच्या गाडीची काढून दिली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. ती जोडल्यावर इंजिन तीनऐवजी तीस वेळा ‘ढुग्ग’ म्हणालं. प्रगती होती. पण सुरू काही होईना.

जावईबापूंनी नाइलाजानं साडूंना फोन लावला.

‘‘धूर येतोय का?’’ साडूंनी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘पांढरा? काळा? जरासुद्धा?’’

‘‘अहो, धूर फक्त माझ्या तोंडातून येतोय.’’

‘‘मग डिझेल पोचत नाहीये. गोठलंय. थंडी हा माझा विषय आहे, मला सांगू नका. फिल्टर तापवा, पाइप तापवा, पाणी तापवून रेडिएटरमध्ये घाला. आणि जमलं नाही तर कटरवाला माणूस आज मोकळाच आहे.’’

पुढचा तासभर घरातली ऊब म्हणून जी काही होती ती सगळी अंगणात आली. बायकोनं पातेल्यांमागून पातेली गरम पाणी आणलं. फिल्टरला रबरी पिशवीचा शेक दिला. बॉनेटवर रजई टाकली. आधी एक, मग दुसरी, मग पाहुण्यांसाठी ठेवलेली न वापरलेली तिसरी. तिसरी टाकताना बायकोचा हात जड झाला होता. बोलायचं ते सगळं ती साठवून ठेवत होती आणि जावईबापूंना ते दिसत होतं.

या सगळ्या वेळात सासरे आतल्या खोलीच्या खिडकीत बसून होते. पंधरा दिवस त्यांना खोकला होता. डॉक्टरांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी केली होती आणि कालपासून आवाजही पूर्ण बसला होता. खिडकीच्या फटी बायकोनं कागद चिकटवून बंद केलेल्या. म्हातारा काचेमागून उजव्या हाताचा अंगठा पुढे करून जोरजोरानं हलवत होता.

‘‘बघा, बाबा उत्तेजन देतायत,’’ दंतवैद्य म्हणाले.

जावईबापूंना भरून आलं. सतरा वर्षांत सासऱ्यांनी त्यांना उत्तेजन असं कधी दिलं नव्हतं. त्यांनीही अंगठा दाखवला. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि परत अंगठा हलवला. बायको आत जाऊन आली. ‘‘काहीतरी मागतायत,’’ ती म्हणाली. ‘‘चहा दिला.’’ थोड्या वेळानं अंगठा आणखी जोरात हलायला लागला, तेव्हा तिनं दुसरा चहा दिला. नऊ वाजेपर्यंत सासऱ्यांचे चार चहा झाले होते.

दंतवैद्यांचं पुढचं मत पडलं की ऊब बाहेरून नको, आतून पाहिजे. हवा जिथून इंजिनात शिरते तिथेच गरम हवा सोडायची. घरात केस वाळवायचं यंत्र होतं. ते लांब वायरनं अंगणात आणलं, तोंडाशी धरलं आणि बटण दाबलं. ते तीन सेकंद चाललं. मग खांबावरच्या पेटीत ‘फट्’ असं झालं आणि दोन्ही घरांची वीज गेली.

‘‘अरे देवा!’’ दंतवैद्य ओरडले. ‘‘माझा पेशंट!’’

पेशंट खुर्चीत आडवा होता, तोंड उघडं, अर्धा जबडा बधिर. वीज गेल्यामुळे खुर्चीची पाठ सरळ होईना. त्याला खांद्याला धरून उठवावं लागलं. गळ्यात कागदी रुमाल तसाच ठेवून तो अंगणात आला, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि जे काही बोलला त्यातलं फक्त ‘ळ’ हे अक्षर समजलं. पण ढकलायला माणूस चांगला निघाला.

ढकलण्याची कल्पना मास्तरीणबाईंची. त्या समोर राहायच्या, गाडी शिकवण्याचा वर्ग चालवायच्या, आणि त्यांच्या छोट्या गाडीत ब्रेक-क्लचचे दोन-दोन जोड होते. एक शिकणाऱ्याचा, एक त्यांचा. सगळ्या जगाकडे त्या दुसऱ्या जोडावर पाय ठेवूनच पाहायच्या.

‘‘जावईबापू, खाली वाका. आरसा बघा. न्यूट्रल!’’ त्यांनी रस्त्यातूनच हुकूम सोडला. ‘‘मी दोर बांधून ओढते. मी हात दाखवला की दुसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. घाबरायचं नाही. घाबरताय ना? दिसतंय. घाबरू नका.’’

दोर त्यांच्या गाडीच्या मागच्या बंपरला बांधला. पेशंट आणि दंतवैद्य ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले. मास्तरीणबाईंनी गाडी पुढे घेतली, दोर ताणला, रस्त्यावरच्या गोठलेल्या दवावर गाडीची चाकं गरागरा फिरली, आणि मग एकदम गाडी सुटली. गाडी गेली. बंपर राहिला. ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी असलेला तो बंपर दोराच्या टोकाला ट्रॅक्टरसमोर नमस्कार घातल्यासारखा पडून होता. ट्रॅक्टर तसूभरही हलला नव्हता. मागचे दोघे मात्र ढकलता ढकलता घसरून एकमेकांच्या अंगावर बसले होते.

मास्तरीणबाई कोपऱ्यावरून पायी परत आल्या. ‘‘यात तुमची चूक काय झाली, सांगा बरं,’’ त्या म्हणाल्या.

सव्वादहा वाजले होते. जावईबापू त्या लोखंडी सीटवर बसून राहिले. बोटं सुन्न झाली होती. मैदान पाऊण तासावर होतं, पण ते चालत्या ट्रॅक्टरनं. आता फोन करावा लागणार, कटरवाला येणार, साडू परत ‘वा’ म्हणणार. त्याचंही एवढं काही नाही. पण बरा होऊन म्हातारा संध्याकाळी बाहेर आला की टेकणार कशाला? हा विचार मनात आला आणि त्यांना खिडकीकडे बघवेना.

म्हणूनच त्यांना दिसलं नाही. ऐकू आलं. खळ्ळकन काच फुटली. खिडकीतून आधी सासऱ्यांची काठी बाहेर आली, मग बनियनमधला हात, आणि हाताच्या टोकाला तो अंगठा. पाठोपाठ फाटक्या भात्यासारखा आवाज.

‘‘दाब! अरे तो... दाब! आत!’’

‘‘बाबा! थंडी!’’ बायको धावली.

‘‘थंडी गेली खड्ड्यात! नॉब आत दाबायला सांग त्या शहाण्याला! सकाळपासून... अंगठा... तुटला माझा! चहा काय देतेस!’’

जावईबापूंनी नॉबकडे पाहिलं. आता उजेड चांगला होता. टी, ओ, पी. आणि त्यांच्या डावीकडे एक गुळगुळीत, रिकामी, अंगठ्याएवढी जागा. चाळीस वर्षं रोज दाबून दाबून तिथला एस सासऱ्यांनी पुसून टाकला होता. नॉब बाहेर ओढला की डिझेल बंद, इंजिन बंद. तो आत दाबल्याशिवाय डिझेलचा थेंब पुढे जात नाही. म्हणजे सकाळी सहापासून ते इंजिन एका हातानं सुरू करत होते आणि दुसऱ्या हातानं बंद.

सत्तावीस वर्षं. एकदा पाठ्यपुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी गळालेली एक वेलांटी शोधून काढली होती तेव्हा मालकांनी सगळ्या छापखान्यासमोर त्यांचा सत्कार केला होता. आणि इथे त्यांच्या नाकासमोर अख्खं एक अक्षर गळालं होतं! ट्रॅक्टरचं राहू द्या, ही गोष्ट छापखान्यात कळली तर काय, या विचारानं त्यांना त्या थंडीत घाम फुटला.

त्यांनी नॉब आत दाबला. चावी फिरवली. ढुग्ग, ढुग्ग, आणि मग पोटातून खाकरल्यासारखा आवाज करत इंजिन पेटलं. आधी पांढरा धूर आला, मग काळा. तो सगळा दंतवैद्यांच्या पांढऱ्या कोटावर बसला. पेशंटनं टाळ्या वाजवल्या. बॉनेटवरच्या तिन्ही रजया थरथरायला लागल्या. फुटक्या खिडकीत म्हातारा लहान मुलासारखा हसत होता.

तपासणी मैदानापर्यंतचा प्रवास मास्तरीणबाईंच्या देखरेखीखाली झाला. त्या बंपर नसलेल्या गाडीतून पुढे चालल्या होत्या आणि खिडकीतून हात काढून ‘हळू’, ‘डावीकडे’, ‘घाबरू नका’ अशा खुणा करत होत्या. मागे गाड्यांची रांग लागली. जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लोकांचं नेतृत्व केलं. मैदानाच्या फाटकाशी बाई वळल्या, कारण त्यांचा एक विद्यार्थी तासभर रस्त्यात त्यांची वाट पाहत उभा होता. तेव्हा साडेअकरा झाले होते.

तपासनीस बारीक चणीचे, हाताशी फॉर्मची चळत असलेले गृहस्थ होते. पत्र पाहिल्यावर त्यांनी मान वर केली. ‘‘लाल शाईवाले तुम्हीच का?’’

‘‘मीच,’’ जावईबापू म्हणाले. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

‘‘हं. इंजिन बंद करा. क्रमांक घ्यायचाय.’’

बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर? पण तपासनीस पेन्सिल घेऊन वाट पाहत होते. जावईबापूंनी नॉब धरला आणि या वेळी ज्ञानपूर्वक बाहेर ओढला. तो बाहेर आला. पूर्ण बाहेर आला. मागोमाग गंजलेल्या तारेचा वीतभर तुकडाही बाहेर आला. इंजिन चालूच.

‘‘बंद करा म्हटलं मी.’’

‘‘तेच केलं.’’ जावईबापूंनी नॉब त्यांना दाखवला.

‘‘चावी काढा.’’

चावी काढली. जुन्या इंजिनाला चावीशी काही देणंघेणं नव्हतं. तपासनीसांनी कागद बॉनेटवर ठेवला. तो थरथरत खाली पडला.

‘‘बंद न होणारं वाहन मी पास कसं करू, हो? उद्या कोणी विचारलं तर?’’

‘‘तसा प्रश्न आहे का फॉर्मात?’’ जावईबापूंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम निराळा निघाला. छापखान्यात निघायचा तसा. ‘‘द्या बघू इकडे.’’

फॉर्म त्यांनी वाचला. सकाळपासून पहिल्यांदाच हातात काहीतरी आपल्या समजुतीतलं आलं होतं. ‘‘हे बघा. रकाना सात. ‘इंजिन सुरू होते / होत नाही.’ बंद होण्याबद्दल कुठेच काही नाही. रकाना नऊ. ‘क्रमांक वाहन स्थिर असताना नोंदवावा.’ वाहन स्थिर आहे. चाकं फिरतायत का? नाही. इंजिन स्थिर असावं असं इथे म्हटलेलं नाही.’’

तपासनीसांनी फॉर्म उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पंचवीस वर्षं ते तो फॉर्म भरत होते आणि कुणी त्यांना तो वाचून दाखवला नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, काळ्या धुराकडे पाहिलं, मग खाली वाकून थरथरत्या लोखंडावरचा क्रमांक दोघांनी मिळून उतरवून घेतला. एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचा. शिक्का बसला तेव्हा बाराला चार मिनिटं होती. शेरा या रकान्यात तपासनीसांनी लिहिलं, ‘इंजिन सुरू होते. फार.’

‘‘आणि हे बंद कसं करायचं?’’ जावईबापूंनी जाता जाता विचारलं.

‘‘डिझेल संपलं की होईल बंद. ते कुठे संपवायचं हे आमच्या कक्षेत येत नाही.’’

टाकी दंतवैद्यांच्या सल्ल्यानं आदल्या दिवशीच काठोकाठ भरली होती.

घरी पोचल्यावर बायकोनं आधी कागदावरचा शिक्का पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून साठवलेलं सगळं तसंच आत ठेवून म्हणाली, ‘‘हात बघू.’’ त्यांची बोटं तिनं आपल्या पदरात गुंडाळली. पण अंगणात ट्रॅक्टर उभा करून ठेवणं शक्य नव्हतं. धूर थेट दवाखान्यात शिरत होता. आत तोच पेशंट परत खुर्चीत बसला होता आणि हादऱ्यानं दंतवैद्यांचा हात स्थिर राहत नव्हता. कुणीतरी तो चालवत ठेवायला हवा होता.

‘‘मी येतो बरोबर,’’ दारातून आवाज आला. सासरे स्वेटर, शाल, कानटोपी अशा सगळ्या जामानिम्यानिशी उभे होते. ‘‘बघतो काय बिघाड आहे. बसल्याशिवाय कळायचं नाही.’’

‘‘बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?’’

‘‘काच फुटल्यापासून घरात अन् बाहेर थंडी सारखीच आहे,’’ म्हातारा म्हणाला. तिनं दोन रजयांत गुंडाळून त्यांना वर चढवलं. सीटवर सासरे, बाजूच्या मडगार्डवर जावईबापू.

गल्लीमागे मोकळं माळरान होतं. म्हाताऱ्यानं एक हात स्टिअरिंगवर ठेवला, कानटोपी मागे सारली आणि ट्रॅक्टर असा काही वळवला की जावईबापूंनी मडगार्डची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक फेरी झाली. दुसरी झाली. ऊन चांगलं वर आलं होतं. सासरे बसक्या आवाजात इंजिनाशी काहीतरी पुटपुटत होते. मधूनच ‘हे वळण बघा’ म्हणून दाखवत होते. तिथे वळण नव्हतं. त्यांच्या जुन्या शेतात असावं. पाचव्या फेरीनंतर जावईबापूंनी फेऱ्या मोजणं सोडून दिलं.

दीड-दोन तासांनी म्हातारा जरा दमल्यासारखा दिसला. त्यांनी ट्रॅक्टर अंगणात आणला, ताडपत्रीच्या जागी बरोबर नेमका उभा केला, वरचा गिअर टाकला, उजवा पाय ब्रेकवर रोवला आणि डाव्या पायाखालचा क्लच सोडून दिला. इंजिननं एक आचका दिला आणि गप्प झालं.

इतकी शांतता पडली की घरात पातेलं ठेवल्याचा आवाज ऐकू आला.

‘‘असं बंद होतं?’’ जावईबापूंनी विचारलं. ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘ती तार याआधी दोनदा तुटलीय.’’

‘‘मग आल्या आल्या सांगितलं का नाहीत?’’

सासरे शाल सारखी करत होते. ‘‘सांगितलं असतं तर मला वर बसू दिलं असतंत?’’

जावईबापूंनी खोटं बोलून पाहायचं ठरवलं. पण ते नीट जुळेना.

‘‘नसतं,’’ ते म्हणाले.

‘‘झालं तर,’’ सासरे म्हणाले, आणि खाली उतरायला त्यांनी हात पुढे केला.